पीसीटी ‘नॉर्मल’ आला म्हणून सकाळपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : मी इमर्जन्सी विभागात सहा महिन्यांपूर्वी रुजू झाले. जंतुसंसर्गाचा संशय असलेल्या प्रत्येक पेशंटच्या सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन (पीसीटी) आणि लॅक्टेट या रक्ताच्या तिन्ही तपासण्या आमच्याकडे एकदमच पाठवतात. तिन्ही वर किंवा तिन्ही खाली असले तर प्रश्न नसतो. एक वर, एक खाली आलं की माझी पंचाईत होते. सेप्सिस (संसर्गामुळे अवयव ढासळण्याची अवस्था) लवकर ओळखायला यातला कोणता आकडा धरून चालायचं?

उत्तर :

पंचाईत होते ते बरंच आहे. हे तीन आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, त्यामुळे ते जुळलेच पाहिजेत असं नाही. आणि जुळले नाहीत की निदान तुम्ही थांबून विचार तरी करता. आधी एक पेशंट सांगते, मग हिशोबाकडे वळू.

रात्री दीडच्या सुमारास साठीचे एक गृहस्थ आले. लघवीला दोन दिवस जळजळ होत होती, पण ताप चढला तो तीन तासांपूर्वी, हुडहुडी भरून. ताप ३८.९ सेल्सियस, नाडी ११८, बीपी १०४/६०. ट्रायजच्या (पेशंट आल्याबरोबर होणाऱ्या पहिल्या पाहणीच्या) कागदावर श्वास १८ लिहिला होता. (बहुतेक कागदांवर १८ च असतो. बसून मोजायला कोणी तयार नसतं.) मी पूर्ण मिनिटभर मोजला तेव्हा २८ भरला. मुलगा म्हणाला, “बाबा नेहमीसारखे बोलत नाहीयेत.” रिपोर्ट आले : सीआरपी १४, पीसीटी ०.३, लॅक्टेट ३.८. ड्युटीवरचा ज्युनियर म्हणाला, “मॅडम, पीसीटी तर जवळजवळ नॉर्मल आहे. लॅक्टेट हुडहुडीमुळे वाढला असेल. सकाळपर्यंत बघू या का?”

आम्ही थांबलो नाही. दोन्ही हातांतून ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) घेतलं, अँटिबायोटिक आणि सलाइन सुरू केलं. सकाळी दहाला पुन्हा पाठवलेला पीसीटी ३४ आला. सीआरपी तेव्हाही ४६ वर रेंगाळत होता. तो दुसऱ्या दिवशी दोनशेच्या पुढे गेला. कल्चरच्या बाटल्यांत ई. कोलाय हे जिवाणू वाढले.

दीड वाजताचा रिपोर्ट खोटा नव्हता. त्या क्षणी त्यांच्या रक्तात पीसीटी खरोखरच ०.३ होता. सकाळपर्यंत थांबलो असतो, तर चूक आमच्या घड्याळाच्या हिशोबात झाली असती, लॅबची नाही.

म्हणून पहिलं काम घड्याळ समजून घेणं. प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे कॅल्सिटोनिन या हार्मोनच्या आधीची पायरी, ११६ अमिनो आम्लांची साखळी. निरोगी माणसात ते थायरॉइडच्या सी-पेशी बनवतात आणि तिथेच त्याचं कॅल्सिटोनिन होतं, त्यामुळे रक्तात जेमतेम ०.०५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी सापडतं. जिवाणूंचं एंडोटॉक्सिन आणि त्याने भडकलेले इंटरल्युकिन-१, टीएनएफसारखे संदेशवाहक यांच्यामुळे थायरॉइडबाहेरच्या कितीतरी पेशी हे प्रोकॅल्सिटोनिन बनवायला लागतात. पुढची कापाकापी करून त्याचं हार्मोन करायची सोय त्या पेशींकडे नसते, म्हणून कच्चा माल तसाच रक्तात उतरतो. जंतुसंसर्गाशी याचा संबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला. आकडा हलायला तीन-चार तास लागतात, शिखर बारा ते चोवीस तासांत येतं, आणि उत्पादन थांबलं की साधारण दर चोवीस तासांनी निम्मा होतो. विषाणूजन्य आजारात इंटरफेरॉन-गॅमा या उत्पादनाला लगाम घालतो, त्यामुळे तिथे पीसीटी सहसा खाली राहतो. त्याचं सगळं नाव झालं ते या एका गुणामुळे.

सीआरपी १९३० साली सापडला, न्यूमोकॉकसच्या ‘सी’ पॉलिसॅकराइडला चिकटणारं प्रथिन म्हणून. नावातला ‘सी’ तिथला. तो यकृतात बनतो, इंटरल्युकिन-६ च्या हुकमावरून. सहा तासांनंतर हलायला लागतो आणि शिखर गाठायला दीड ते दोन दिवस घेतो. त्याचा अर्धायुष्यकाळ जवळजवळ १९ तासांवर कायम असतो, आजार कोणताही असो. म्हणजे आकडा सांगतो तो फक्त यकृताने किती बनवला एवढंच. यकृतच खचलेलं असेल, किंवा संधिवातासाठी पेशंट टॉसिलिझुमॅबसारखं इंटरल्युकिन-६ अडवणारं औषध घेत असेल, तर पोटात पू झाला तरी सीआरपी गप्प बसू शकतो. असा ‘शून्य’ सीआरपी बघून निर्धास्त झालेले चांगले चांगले डॉक्टर मी पाहिले आहेत.

लॅक्टेटचं घड्याळ सर्वांत वेगवान. तो मिनिटांच्या हिशोबाने वरखाली होतो. पण त्याला जंतूंशी देणंघेणं नाही. शरीराच्या पेशींवर किती ताण आहे, एवढंच तो सांगतो.

यामुळे माझी एक सवय झाली आहे : केसपेपरवर ‘केव्हापासून’ हे लिहिल्याशिवाय मी कोणत्याही मार्करचा आकडा वाचत नाही. ‘दोन दिवसांपासून बरं नाही’ याने भागत नाही. हुडहुडी कधी भरली, जेवण कधी सुटलं, शेवटची लघवी कधी झाली, बोलणं कधीपासून बदललं, हे नातेवाइकांना खोदून विचारावं लागतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी येते. २०१६ च्या ‘सेप्सिस-३’ व्याख्येप्रमाणे सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद आणि त्यातून जिवावर बेतणारा अवयवांचा बिघाड. या व्याख्येत दोन प्रश्न दडलेले आहेत. संसर्ग आहे का? आणि अवयव ढासळतायत का? पीसीटी आणि सीआरपी पहिल्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर देतात. लॅक्टेट दुसऱ्याचं. दोन्हींना एकत्र जोडणारा रक्तातला एकही आकडा आज आपल्या हातात नाही. शोधायला कमी लोक लागलेले नाहीत : २०२० च्या एका आढाव्यात सेप्सिससाठी अभ्यासलेल्या बायोमार्करची संख्या २५८ भरली होती. त्यातले रोजच्या कामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उतरले.

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याकडे बरंच स्वस्त साहित्य आहे आणि आपण त्याला बायोमार्कर म्हणतच नाही. क्रिएटिनिन, बिलिरुबिन, प्लेटलेट. अवयवांचा बिघाड गुणांत मोजणाऱ्या सोफा स्कोअरमध्ये प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, बिलिरुबिन १.२ किंवा जास्त, क्रिएटिनिन १.२ किंवा जास्त, असं झालं की प्रत्येकी एक गुण मिळतो, आणि नेहमीच्या स्थितीपेक्षा दोन गुणांची वाढ म्हणजे अवयवांचा बिघाड. ‘नेहमीच्या स्थितीपेक्षा’ हे शब्द महत्त्वाचे. पेशंटच्या पिशवीतले जुने रिपोर्ट काढून बघा. क्रिएटिनिन १.३ दिसायला निरुपद्रवी आहे. तीन महिन्यांपूर्वी तो ०.६ असेल तर दुप्पट झालाय. प्लेटलेट एक लाख चाळीस हजार कोणी मोजत नाही. मागच्या महिन्यात तीन लाख असतील तर मी मोजते.

लॅक्टेटवर जरा थांबते, कारण इमर्जन्सीत सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणारा आकडा हाच.

दोन मिलिमोल प्रति लिटरपर्यंत ठीक, दोनच्या वर जागे व्हा, चारच्या वर धावपळ, हे तुम्हाला माहीत आहे. सेप्टिक शॉकच्या व्याख्येतही तो आहे : पुरेसं सलाइन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर ठेवायला औषधाची गरज पडणं, आणि सोबत लॅक्टेट दोनच्या वर. पण तो का वाढतो याची आपली समजूत बऱ्याचदा एकांगी असते. ‘पेशींना ऑक्सिजन कमी पडतो म्हणून’ हे अर्धं कारण. सेप्सिसमध्ये अॅड्रेनॅलिनचा पूर आलेला असतो, त्याने साखर जाळण्याचा वेग वाढतो आणि ऑक्सिजन असतानाही लॅक्टेट तयार होत राहतो. त्यातच यकृत तो पुरेसा उचलत नाही. म्हणून लॅक्टेट वाढला की सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या, हा आपोआप येणारा निष्कर्ष बरोबर नाही.

याचं दुसरं टोक दम्याच्या पेशंटमध्ये दिसतं. एका तरुण मुलीला दम्याचा जोराचा झटका होता, सोबत थोडा ताप. साल्ब्युटामॉलची नेब्युलायझेशन एकामागून एक सुरू होती. छाती मोकळी होत चालली, शिट्टी कमी झाली, तरी श्वासाचा वेग वाढतच होता. लॅक्टेट ५.८. कोणीतरी केसपेपरवर ‘सेप्सिस?’ लिहिलं, आणि दम वाढतोय म्हणून आणखी नेब्युलायझेशन चढवलं. साल्ब्युटामॉल स्वतःच लॅक्टेट वाढवतो. आम्ल साठलं की शरीर ते बाहेर टाकायला जोरात श्वास घेतं, आणि आपण त्याला दमा समजून तेच औषध पुन्हा देतो. नेब्युलायझेशनची गती कमी केली आणि काही तासांत लॅक्टेट दोनवर आला. फिट येऊन गेल्यावर, मेटफॉर्मिन घेणाऱ्याची किडनी बिघडल्यावर, जुनाट यकृतविकारात, थायमिनच्या कमतरतेत, अॅड्रेनॅलिनच्या ड्रिपवर, अशा लॅक्टेट वाढण्याच्या वाटा पुष्कळ आहेत.

आणि नमुना. हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. एकदा शिफ्ट बदलताना साध्या ट्यूबमधलं रक्त काउंटरवर दोन तासांहून जास्त पडून राहिलं. लॅक्टेट ३.४ आला आणि उशीला टेकून फोनवर बोलणाऱ्या पेशंटसाठी आयसीयूचा बेड विचारला गेला. नव्याने रक्त काढून तिथल्या तिथे (रक्तातले वायू मोजणाऱ्या) गॅस मशीनवर लावलं तर १.५. ट्यूबमधल्या रक्तपेशी जिवंत असतात. त्या साखर खातात आणि लॅक्टेट टाकत राहतात. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर आणखी वेगाने. म्हणून काढल्यापासून पंधरा मिनिटांत मशीनवर लावा, जमत नसेल तर फ्लोराइडची करड्या झाकणाची ट्यूब बर्फावर ठेवून पाठवा. शिरेतलं रक्त चालतं. शिरेतला लॅक्टेट धमनीपेक्षा किंचित जास्त दाखवतो, त्यामुळे तो नॉर्मल आला तर धमनी टोचायची गरज नाही. वाढलेला आला आणि निर्णय त्यावर अडला असेल, तरच टोचा.

पहिला आकडा दोनच्या वर असेल तर दोन ते चार तासांत पुन्हा बघा. एका आकड्यापेक्षा त्याची दिशा जास्त बोलते. आणि जिथे लॅक्टेट पुन्हा पुन्हा होत नाही, तिथल्यांसाठी एक चांगली बातमी २०१९ ला आली. अँड्रोमेडा-शॉक या चाचणीत सेप्टिक शॉकच्या पेशंटचे दोन गट केले होते : एकात उपचार लॅक्टेट बघून, दुसऱ्यात बोटाचं कॅपिलरी रिफिल बघून. बोटाच्या टोकावर काचपट्टी दाबायची, दहा सेकंद तशीच धरायची, सोडायची आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांहून जास्त म्हणजे बिघाड. २८ दिवसांतले मृत्यू बोटवाल्या गटात ३४.९ टक्के, लॅक्टेटवाल्यात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या काटेकोर निकषावर हा फरक सिद्ध झाला असं म्हणता येत नाही, पण बोट लॅक्टेटपेक्षा मागे पडलं नाही एवढं नक्की. मी आता दोन्ही करते. बोट दर अर्ध्या तासाने, लॅक्टेट दोन तासांनी.

पीसीटीकडे परत. तुम्हाला बहुधा ०.५ च्या खाली ‘सेप्सिस नाही’, वर ‘आहे’ असं शिकवलं असेल. एक हिशोब करून बघा. २०१३ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, सेप्सिस आणि जंतूंशिवायची सूज यांत फरक करताना पीसीटीची संवेदनशीलता (सेप्सिस असलेल्यांपैकी किती जणांत तो वाढलेला येतो) ७७ टक्के आणि विशिष्टता (सेप्सिस नसलेल्यांपैकी किती जणांत तो खाली येतो) ७९ टक्के निघाली. वाईट नाही. पण समजा तुमच्यासमोर त्या रात्रीच्या गृहस्थांसारखे शंभर पेशंट आहेत, आणि तपासून तुम्हाला वाटतं की त्यातल्या सत्तर जणांना सेप्सिस आहे. त्या सत्तरांपैकी ५४ जणांचा पीसीटी वाढलेला येईल, १६ जणांचा येणार नाही. उरलेल्या तीस जणांपैकी २४ जणांचा खाली येईल. म्हणजे ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन चाळीस जण उभे आहेत आणि त्यातले सोळा सेप्सिसचे आहेत. चाळीस टक्के! या कागदावर कोणाला घरी पाठवणार?

आता उलटी बाजू. ताप, सर्दी, अंगदुखी, बाकी ठणठणीत असे हजार जण घ्या. त्यात सेप्सिसचे पन्नास धरू, तेही जास्तच आहेत. पीसीटी वाढलेले निघतील साधारण २३८. त्यातले खरे ३८-३९. म्हणजे सहातले पाच विनाकारण अॅडमिट, विनाकारण अँटिबायोटिक. मशीन तेच, कट-ऑफ तोच, पण रिपोर्टचा अर्थ पूर्ण वेगळा. पेशंटला बघून मनात जो अंदाज बांधलात, त्याला पीसीटी थोडं इकडे किंवा तिकडे ढकलतो. अंदाजच बांधला नसेल तर ढकलायला काही नसतं.

तुमच्याकडे प्रत्येक संशयिताला तिन्ही तपासण्या एकदम जातात, त्याबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. ट्यूबवर लेबल लावण्याआधी स्वतःला विचारा : हा आकडा माझ्या अपेक्षेच्या उलट आला तर मी काय वेगळं करणार? बीपी पडलेल्या, ग्लानीत असलेल्या पेशंटचं उत्तर ‘काहीच नाही, अँटिबायोटिक देणारच’ असं असतं. तिथे पीसीटीची वाट बघणं चूक. ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन’च्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे ठरवायला पीसीटीची जोड घेऊ नका, डॉक्टरच्या तपासणीवर ठरवा. शॉक असेल किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल तर तासाभरात द्या. शॉक नाही आणि शंका धूसर आहे, तर झटपट तपास करा आणि शंका टिकली तर तीन तासांच्या आत द्या. या तीन तासांच्या खिडकीत रक्ताच्या तपासण्यांना खरी जागा आहे.

पीसीटीला फसवणाऱ्या गोष्टीही लक्षात असू द्या. मोठी शस्त्रक्रिया, मोठा अपघात, भाजणं, हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेलं असणं, कार्डिओजेनिक शॉक, किडनी निकामी असणं, थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग, गंभीर मलेरिया : यात जिवाणूंचा संसर्ग नसतानाही तो वर असू शकतो. नवजात बाळात पहिल्या दोन दिवसांत तो नैसर्गिकरीत्याच चढतो, तिथे मोठ्यांचा कट-ऑफ लावू नका. आणि बंदिस्त गळू, क्षयरोग, हृदयाच्या झडपेवर हळूहळू वाढणारा संसर्ग यांत संसर्ग असूनही तो खाली राहतो.

मग पीसीटी पाठवायचाच नाही का? पाठवते मी, पण बरेचदा सुरू करण्यासाठी नाही, थांबवण्यासाठी. ज्याला अॅडमिट करून अँटिबायोटिक देणार आहे, त्याचा पहिल्या दिवसाचा आकडा हाताशी असला की पुढे वॉर्डातल्या सहकाऱ्याला उतार मोजता येतो. शिखरापासून ८० टक्के उतरला किंवा ०.५ च्या खाली आला आणि पेशंटही सुधारलेला दिसतोय, तर अँटिबायोटिक थांबवण्याचा विचार करता येतो. २०२४ च्या अखेरीस आलेल्या अॅडॅप्ट-सेप्सिस या चाचणीत रोजचा पीसीटी बघून अँटिबायोटिकचे दिवस थोडे कमी झाले, साधारण एका दिवसाने, आणि मृत्यू वाढले नाहीत. सीआरपी बघून मात्र दिवस कमी झाले नाहीत.

सीबीसीबद्दल (रक्तपेशींच्या मोजणीबद्दल) दोन शब्द, कारण तो सगळ्यांचा होतोच. पांढऱ्या पेशी बारा हजारांच्या वर की आपण सावध होतो. चार हजारांच्या खाली गेल्या तर जास्त सावध व्हायला हवं, म्हाताऱ्या माणसात तर विशेषच. एकूण आकडा नॉर्मल असून अपरिपक्व ‘बँड’ पेशी दहा टक्क्यांच्या वर असतील तर तोही इशारा आहे, पण त्यासाठी मशीनवर न थांबता कोणीतरी स्लाइड बघावी लागते. काही सीबीसी मशीन आता मोनोसाइट पेशींच्या आकारातली तफावत मोजून देतात. तिला एमडीडब्ल्यू म्हणतात. अमेरिकेच्या एफडीएने इमर्जन्सीतल्या प्रौढांसाठी २०१९ ला तिला मान्यता दिली. वेगळं रक्त काढावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. कट-ऑफ वीसच्या आसपास, पण जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) प्रकारानुसार तो बदलतो; आपल्या लॅबला विचारून घ्या.

बाकीच्या नव्या मंडळींचं थोडक्यात सांगते. इंटरल्युकिन-६ पीसीटीपेक्षा आधी चढतो, पण लवकर उतरतो आणि कोणत्याही सुजेत वाढतो. प्रेसेप्सिन, एमआर-प्रोअॅड्रेनोमेड्युलिन, सुपार यांतले शेवटचे दोन मार्कर, आजार किती गंभीर होईल याचा अंदाज देण्यात बरे. निदानात पीसीटीच्या फार पुढे गेलेले नाहीत. ट्रेल, आयपी-१० आणि सीआरपी अशी तीन प्रथिनं एकत्र मोजून संसर्ग जिवाणूंचा की विषाणूंचा हे सांगणारी तपासणी मला आवडते, कारण तिच्यातलं ट्रेल विषाणूंच्या आजारात चढतं आणि जिवाणूंच्या आजारात उतरतं. दोन्ही दिशांनी पुरावा मिळतो. पांढऱ्या पेशी किती दबतात ते मोजणारी, पेशींमधल्या आरएनएचा नमुना वाचणारी, अशी यंत्रंही आली आहेत. तुमच्याकडे आली तर जरूर वापरा, पण वरचा सत्तर-तीसचा हिशोब त्यांच्याही रिपोर्टला लावूनच.

आता न जुळणाऱ्या रिपोर्टांबद्दल, जे तुम्ही मुळात विचारलंत.

लॅक्टेट वर, पीसीटी खाली : आधी घड्याळ बघा. सहा तासांच्या आतला आजार असेल तर पीसीटी बाजूला ठेवा आणि पेशंट आजारी दिसत असेल तर सेप्सिस धरून चला. जुना आजार असेल, तर लॅक्टेटची दुसरी कारणं शोधा : नमुना, औषधं, फिट, रक्तस्राव, आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं, हृदय. पोट तपासायला मऊ आणि दुखणं प्रचंड, सोबत लॅक्टेट चढता, असं असेल तर सर्जनला फोन करा, पीसीटीचा विषय तिथेच संपला.

पीसीटी वर, लॅक्टेट नॉर्मल : ही जोडी लोकांना निर्धास्त करते आणि मला नाही. शॉकमध्ये रक्तदाबाची औषधं चालू असलेल्या काही पेशंटचा लॅक्टेटही नॉर्मल असतो. क्रिएटिनिन, प्लेटलेट, लघवी, शुद्ध यांकडे बघा. ते सगळं ठीक असेल तर हा संसर्ग आहे, सेप्सिस अजून नाही. संसर्गाची जागा शोधा. किडनीतला संसर्ग आणि पुढे अडकलेला खडा, पित्तनलिकेतला अडथळा, खोलवरचं गळू : इथे सोनोग्राफी किंवा सीटी तुमचं काम करेल, दुसरा पीसीटी करणार नाही. अडथळा मोकळा केल्याशिवाय अँटिबायोटिक कितीही भारी असलं तरी पुरत नाही.

सीआरपी एकटाच वर : बहुतेक वेळा आजार दोन-तीन दिवस जुना आहे एवढंच कळतं. संधिवात, नुकतंच ऑपरेशन, कर्करोग, काहीही असू शकतं.

आणि सगळेच खाली, पण पेशंट तुमच्या मनाला पटत नाही. ही जागा सर्वांत अवघड. मागे एक बाळंतीण आली होती, प्रसूतीला चार दिवस झालेले. ताप नाही, सीआरपी त्या दिवसांत वाढलेला असतोच म्हणून सोडून दिलेला, पीसीटी ०.२, लॅक्टेट १.८. नाडी मात्र १२४, आणि ती म्हणत होती, “मला काहीतरी वेगळंच होतंय.” सिस्टरने तिला सोडायला नकार दिला. मी तेव्हा थोडी वैतागले, हे कबूल करते. निरीक्षणाच्या बेडवर ठेवलं, दर तासाला नाडी, श्वास, बीपी आणि लघवी लिहून ठेवायला सांगितलं. चार तासांनी श्वास २६ झाला, ओटीपोट दुखायला लागलं, दुसरा लॅक्टेट ३.१ आला. तोवर कल्चर आधीच घेतलेलं होतं, त्यामुळे अँटिबायोटिक पाच मिनिटांत गेलं.

तेव्हापासून अशा पेशंटला मी दोन गोष्टी करते. चार ते सहा तासांनी दुसरं सॅम्पल, त्याची वेळ पहिल्या सॅम्पलच्या शेजारीच लिहून. आणि घरी सोडलंच तर सोडण्याच्या कागदावर ‘त्रास वाढल्यास यावे’ इतकंच लिहीत नाही; श्वास जोरात चालला, बोलण्यात गोंधळ झाला, आठ तास लघवी झाली नाही, हातपाय गार पडले, तर थांबू नका, असं लिहिते आणि सोबत आलेल्या माणसाकडून ते मोठ्याने वाचून घेते.